कुमुदची पेटी

चहा ठेवायच्या आधी तात्या परसात गेले, पेटीचं झाकण उचललं आणि हात कोपरापर्यंत आत खुपसला. आत ऊब होती. मग कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

स्मशानं बंद होऊन बारा वर्षं झाली होती. माणूस गेलं की नगरपालिका पेटी आणि जिवाणूंचं विरजण घरपोच करायची. चाळीस दिवसांत खत तयार, ते आपापल्या झाडांना घालायचं. तात्यांच्या बायकोनं, कुमुदनं, आधीच बजावून ठेवलं होतं, "मला जाईला घाला. कढीपत्त्याला नको, नाहीतर रोज फोडणीत टाकाल."

तिला जाऊन पाच महिने झाले, तरी पेटी तशीच होती. शेवटी मुलगी शर्वरी रजा काढून आली.

"तात्या, खत झालं की पेटी गार पडते. ही अजून गरम कशी?" तिनं वरचा थर खुरप्यानं उकरला. केळ्याची सालं, चहाचा चोथा, कालचा भात. वर गुळाचं पाणी शिंपडलेलं.

"हे रोज टाकताय तुम्ही? अहो, आईचं खत कधीच झालंय. ही ऊब नुसत्या सालांची आहे. आणि तिकडे जाई वाळत चाललीय."

"माहीत आहे गं," तात्या झाकण लावत म्हणाले. "दवाखान्यात तिचा हात माझ्या हातातच गार पडला. तेव्हा मला काही करता आलं नाही. इथे मूठभर सालं पुरतात."