अस्सल किंकाळी

नव्या मालिकेतला यंत्रमानव दिसायला चकचकीत, पण त्याच्या किंकाळीला जुन्याची सर नाही, अशी ब्रिटनभर ओरड झाली. तेव्हा दिग्दर्शिका इमोजेनने म्हाताऱ्या क्लेडविनला कार्डिफच्या स्टुडिओत बोलावलं. जुन्या यंत्रमानवाच्या पत्र्यात तोच असायचा.

“कशी हो काढलीत ती किंकाळी?”

“काढली कुठली, बाई! आत वायरने पेट घेतला आणि कडी बाहेरून. सगळ्यांना वाटलं, काय अभिनय करतोय! टेक मध्येच थांबवायची तेव्हा पद्धत नव्हती.”

इमोजेनचे डोळे भरून आले. तिने स्वतः त्याच्या चहात दूध घातलं, त्याच्या भाजलेल्या हातावरून हात फिरवला. मग सहायकाकडे वळली.

“नव्या नटाला आत बसवा, वायर सोलून ठेवा, कडी बाहेरून लावा. आणि या वेळी आतही कॅमेरा ठेवा. जुन्या मालिकेत तेवढंच राहून गेलं.”