आधी नाव घे

ऑस्ट्रेलियातल्या आम्हा वार्लपिरी आदिवासींत गेलेल्याचं नाव कुणी घेत नाही. त्याच नावाचं जिवंत माणूस असेल, तर त्यालाही सगळे 'कुमंजयी' म्हणू लागतात.

आदिवासींच्या कायदा-मदत केंद्रात मी शिकाऊ आहे. पकडलेल्या आदिवासींबद्दल पोलीस कोठडीतून फोन आला की डॅफ्नी मावशी माझ्यावर खेकसते, "आधी नाव घे गं! जिवंत आहेत तोवर घ्यायचं."

काल फोनवर माझ्याच नावाची बाई निघाली. "रोझिटा? अगं, मीपण रोझिटा!" दोघी हसलो. हसताना तिला धाप लागली. डॉक्टर बोलवा म्हटलं, तर पोलीस म्हणाला, "बघतो."

आज मावशीने कोठडीचा फोन घेतला, ऐकला, ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली,



"चहा टाक गं, कुमंजयी."