वाट्याचं काम

"दार उघडा बाई, पोलीस आहे," बाहेरून आवाज आला.

हेस्टरने दाराच्या फटीतून पाहिलं. निळा डगला, पितळी बटणं, धुळीने माखलेला घोडा. डगला अंगात चांगलाच ढगळ होता. दुसऱ्याचा घालून आल्यासारखा खांद्यावरून उतरत होता.

टपालगाडीवाला डुगन परवाच बजावून गेला होता. "जपून राहा हो. कुणीतरी भामटा पोलिसाचा डगला चोरून हिंडतोय. घरात शिरतो, चहा ढोसतो, हाती लागेल ते उचलतो आणि पसार होतो. तसा नवा शिपाई आलाय खरा, ब्रॅकनबरी म्हणून. तुमच्या आईच्याच मुलखातला, लिंकनशायरचा. नुकताच बोटीतून सिडनीला उतरलाय. पण त्याला अजून पाहिलंय कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. आणि वारागुलच्या त्या माळावर ओरडून घसा कोरडा केला तरी ऐकायला शेजार होता कुठे? नुसती करपलेली जमीन, तारेची कुंपणं आणि मेलेल्या मेंढ्यांची हाडं.

हेस्टरने बाही मनगटावर ओढून घेतली आणि कडी काढली.

"अमोस टर्विट आहेत का घरात?"

"यजमान कुंपण बघायला गेलेत. येतीलच इतक्यात."

एकटी बाई दुसरं सांगणार तरी काय!

"मग थांबतो की. त्यांना भेटल्याशिवाय काही मी हलत नाही." तो आत आलासुद्धा. टेबलाशी ऐसपैस बसला. नजर मात्र घरभर फिरत होती. दारामागची बंदूक त्याने पाहिली. खुंटीवरची अमोसची रुंद टोपी पाहिली.

"टोपी न घेताच गेले? या उन्हात?"

"दुसरी आहे त्यांची."

"हाताला काय झालं तुमच्या?"

बाही वर सरकली होती. मनगटावर काळेनिळे वळ होते. "गाय बिथरली," हेस्टर म्हणाली आणि पटकन चुलीकडे वळली.

चहाचं पाणी उकळत होतं.  हा खरा की सोंग? ते आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं. जिवाशी गाठ होती.

तिने राखेत भाजलेला जाड पाव आणि गार मटण त्याच्यापुढे ठेवलं. धीर करून विचारलं, "साहेब, राग मानू नका. तुम्ही खरेच पोलीस ना?"

तो मोठ्याने हसला. "फेअर डिंकम, बाई! असंच म्हणता ना तुम्ही इकडे?"

हेस्टरच्या डोक्यात लख्खकन काहीतरी चमकलं.

"म्हणतो खरं," ती म्हणाली. "जो तो उठून म्हणतो, फेअर डिंकम, अगदी खरं, अगदी अस्सल. पण हा शब्द आला कुठून हो? तुम्हाला ठाऊक आहे?"

इथल्या मातीतला माणूस याला काय सांगणार, ते तिला पाठ होतं. अमोसही तीच खाणीवरची गोष्ट सांगायचा. भामटा असला तर इथलाच असणार. तिने किटली दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"ठाऊक नसायला काय झालं? इथे पाऊल टाकल्यापासून ऐकतोय," तो घास चावत म्हणाला. "सोन्याच्या खाणीवर चिनी होते. अस्सल सोनं सापडलं की ते त्यांच्या भाषेत काहीसं असंच ओरडायचे."

हेस्टरने किटली कलती केली. त्याचा पेला काठोकाठ भरला.

"पण थापा हो सगळ्या!" तो म्हणाला. "आमच्या गावात एक चिनी माणूस दाखवा. तरी माझी आई रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची, डिंकम झालं का रे तुझं? म्हणजे वाट्याचं काम. फेअर डिंकम म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचं रास्त काम. जो आपला वाटा चुकवत नाही, तो खरा माणूस. तिथून आलंय ते."

हेस्टरची लिंकनशायरची आईही हेच विचारायची. दारात उभी राहून, अगदी याच शब्दांत. हे कुणा भामट्याला डगल्यासोबत चोरता येणारं नव्हतं. समोर खराच ब्रॅकनबरी बसला होता.

तिने किटली खाली ठेवली. ती बाकावर बसली आणि तिला एकदम रडूच फुटलं.

"अहो, अहो, हे काय!" तो गडबडून गेला. "मला चोर समजलात होय? डगला बघून ना? बोटीत ताप आला, निम्मा झालो मी. आता कसली भीती? मी आहे ना इथे."

तिने झग्याचं टोक तोंडावर दाबून धरलं. 

ब्रॅकनबरीने चहा संपवला, डगला काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या वर केल्या. "फुकटचं खाणं आमच्या घरात चालायचं नाही. घोड्यावरून येताना पाहिलं, मागे भाजीचा वाफा खणायला घेतलाय तुम्ही. अर्धवटच राहिलाय. यजमान येईपर्यंत पुरा करून टाकतो."

"नको साहेब! अमोस रागावतील."

"रागावू देत. या असल्या हाताने तुम्ही खणणार का? बसा तुम्ही निवांत."

किती चांगला माणूस! भिंतीला टेकवलेलं फावडं उचलून तो मागच्या दाराने गेलाही.

हेस्टरला उठवेना. तो फटीतून दिसल्यापासून ती मनात एकच घोकत होती, देवा, हा चोरच निघू दे. चोराने चहा प्यायला असता, बंदूक उचलली असती आणि तो गेला असता.

परसातून फावड्याचा पहिला आवाज आला. दुष्काळाने जमीन दगड झाली होती. अमोसला मातीआड करताना तिला जेमतेम हातभरच खोल खणता आलं होतं.