वास नसलेली गोळी

डॉक्टरांनी माशाच्या तेलाची गोळी गिळायला सांगितली होती, पण आबा ती रोज दाताखाली फोडायचे. होडी विकून सहा वर्षं झाली होती. समुद्राचा तेवढाच वास हाती उरला होता.

आज गोळी फोडून ते थबकले. "हिला वासच नाही गं!"

"शेवाळाच्या तेलाची आहे," लेक म्हणाली. "हृदयाला तेवढीच चांगली. आबा, तेलासाठीच कारखान्यांनी सगळी बारीक मासळी उपसून नेली, म्हणून तर तुमची जाळी रिकामी यायला लागली."

आबांनी फोडलेली गोळी तोंडातून काढून टाकली.

"उपसणं थांबलं, तर मासळी परत येईल?"

"येईल. पण दहा-बारा वर्षं तरी लागतील."

आबांनी हात पुढे केला. "आण दुसरी." ती त्यांनी न फोडता गिळली.

"रोज आठवणीनं देत जा. तेवढं जगायला हवं."