प्रार्थनाघराचं दार

घंटा वाजवून बनाबाई पायरीवर बसली आणि तिनं मळ्याच्या वाटेकडे डोळे लावले. विमलबाईचा पत्ता नव्हता.

आज पेंटेकॉस्टचा रविवार. एकेकाळी या दिवशी प्रार्थनाघरात बसायला जागा नसायची. मग कोणी पोटामागे पुण्याला गेलं, कोणी नाशकाला, उरलेले मातीत गेले, आणि उंद्रीपलीकडच्या या वस्तीत ख्रिस्ती म्हणून एकटी बनाबाई राहिली. एकट्या माणसाची मंडळी, म्हणजे चर्च, होत नाही, असं तालुक्याच्या मोठ्या मंडळीनं ठरवलं होतं. तिथले पाळकसाहेब आज उपासना चालवायला येणार होते. बनाबाईसोबत आणखी कोणी बसलेलं दिसलं तर ठीक, नाहीतर दाराला कुलूप. नवं कुलूप ते सोबतच आणणार होते.

बनाबाईचा जीव त्या खोलीत अडकला होता. पाळकच दर पेंटेकॉस्टला सांगायचे, येशू स्वर्गात गेल्यावर त्याचे शिष्य भीतीनं दार लावून एका माडीवरच्या खोलीत एकत्र बसून राहिले, तिथंच त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला, ते नाना भाषांत बोलू लागले ते सगळ्यांना कळलं, आणि जगातली पहिली मंडळी सुरू झाली. जी मंडळी खोलीत सुरू होते, ती खोली बंद झाली की संपते, हा बनाबाईचा साधा हिशेब. म्हणून तिनं मळ्यातल्या विमलबाईला गळ घातली होती. विमलबाई रोज तुळशीला पाणी घालणारी बाई. तरी मैत्रिणीसाठी हसून म्हणाली होती, "येतो ना मी. बसाचंच तर हाय."

पण वाटेनं विमलबाई आली नाही. आली तिची लेक काजल, अनवाणी, धापा टाकत.

"बनामावशी, बाबा गेले."

विमलबाईचा नवरा कडूबा पहाटेच गेला होता. काजल रडत रडत सांगू लागली. "भाऊबंद पारावर बसून राह्यले. म्हनतात, जावयाले पहिले गावाभाईर काढा, मंग खांदा देतो. बांबूबी कोनी देऊन नाही राह्यलं. आमचे हे म्हनतात मी जातो, पण आई त्यायले जाऊच देत नाही."

काजलनं जातीबाहेर लग्न केलं होतं. जावई संघपाल. गावानं त्याला कधी दारात उभं केलं नाही, पण दुखण्यात कडूबाला उचलून न्हाणीत नेलं ते यानंच. विमलबाई त्याला आज हाकलणार नव्हती. आणि ऊन तर चढत चाललं होतं. मढं किती वेळ ठेवणार?

बनाबाईनं चिखलीच्या रस्त्याकडे पाहिलं. पाळक कोणत्याही क्षणी येतील. खोली रिकामी दिसली की संपलं. इथंच तिचं लग्न लागलं होतं, इथूनच नवऱ्याला शेवटची प्रार्थना मिळाली होती. "आजच काऊन, देवा?" ती स्वतःशीच पुटपुटली. तिला देवाचा खरोखर राग आला. थांबावं तर तिकडे मैत्रीण मढ्याजवळ एकटी. जावं तर आपल्या हातानं मंडळी मोडली.

"तिरडी कशाची करता मंग?" तिनं विचारलं.



बनाबाई मागे वळली. प्रार्थनाघराचं दार एका फळीचं, जुन्या सागाचं. नाताळच्या प्रीतिभोजनाला हेच दार उतरवून विटांवर ठेवायचे आणि त्यावर पंगतीचं वाढप मांडायचे. खालून रेटा दिला की ते बिजागरीतून सुटतं, हे बनाबाईच्या हाताला पाठ होतं.

"धर तिकडून," ती म्हणाली.

पाळक आणि त्यांच्यासोबत आलेले मोठ्या मंडळीचे शंकरराव विचारत विचारत मळ्यात पोचले तेव्हा कडूबाला दारावर निजवून झालं होतं. पाळकांच्या हातात नवं कुलूप होतं आणि चेहरा लाल झाला होता.

"बनाबाई, दार कुठं आहे?" ते दुरूनच म्हणाले. मग त्यांना ते दिसलं.

"काजल मडकं धरते. खांद्याले मी आन् संघपाल, दोघंच हाओत," बनाबाई म्हणाली.

शंकररावांनी चपला काढल्या. पाळकांनी कुलूप खिशात टाकलं आणि खांदा द्यायला ते वाकले. दार जड होतं. बनाबाईचा खांदा सोलून निघत होता, पण तिनं तो बदलला नाही.

कडूबाच्या स्वतःच्याच वावरात, बाभळीच्या लाकडांवर ते टेकवलं. "दार काढून घ्यायचं का?" शंकररावांनी हळूच विचारलं.

"तिरडी कुठी परत आनतात काय?" बनाबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

काजलनं अग्नी दिला. सागानं पेट घेतला. विमलबाई इतका वेळ दगडासारखी उभी होती, ती पाळकांकडे वळली. "तुमचं काही वाचाचं असन तं वाचा. मी येतो म्हनलं होतं बनाबाईले."

पाळकांनी शास्त्र उघडून वाचलं. संघपालनं हात जोडून बुद्धाचं त्रिशरण म्हटलं. विमलबाईच्या तोंडी रामकृष्णहरी होतं. ज्याला जे येत होतं ते त्यानं म्हटलं आणि ते सगळ्यांना कळलं.

परतताना पाळकांनी खिशातलं कुलूप काढून नुसतंच पाहिलं. "मोठ्या मंडळीला मी काय सांगू, बनाबाई?"

"सांगा, पहिल्या पेंटेकॉस्टले झालं तसंच झालं," बनाबाई म्हणाली. "खोलीत भेऊन बसले होते ते दार उघडून भाईर निघाले."