तिबोयकाकांचं चालणं

फिलिपिन्समधल्या सामार बेटावरच्या तिबोयकाकांचा थोरला भाऊ हृदयविकाराने गेला होता आणि आता काकांचाही रक्तदाब चढलेला. तरी गोळी घेतली की काका दिवसभर पाय पसरून बसायचे. म्हणून वस्तीतली आरोग्यसेविका लुमेन रोज सकाळी लांबूनच हाळी द्यायची, "तिबोयकाका, आलेय हो! चला चालायला!" हाक ऐकताच काका मागच्या दाराने जे पळत सुटायचे, ते थेट टेकडीवरच्या चर्चमध्ये जाऊन लपायचे.

तीन महिन्यांनी लुमेन आणि काकू त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या; मोजला, तर रक्तदाब चक्क उतरलेला! डॉक्टरीणबाई खूश. "रोज चालता वाटतं?"

"छे! एक दिवसही या लुमेनच्या हाती लागलो नाही," काकांनी छाती फुगवली. "हिला पत्ताच नाही, मी दोनशे पायऱ्या चढून वर बसतो!"

 

लुमेनने काकूंना डोळा मारला. "काकू, उद्यापासून संध्याकाळीही येते हं!"