पिवळी कर्दळ

खड्डा खणायला आलेल्या धाकूने कुदळ उचलली, तसा केरू कर्दळीपुढे आडवा येऊन उभा राहिला.

"थं नको."

"आता काय झालं, बाबा?" रितेशने विचारलं. जयगडच्या बंदरातून दोन दिवसांची रजा काढून तो याच कामासाठी घरी आला होता. आईचे गुडघे गेले होते. परसाच्या टोकाला असलेल्या संडासापर्यंत तिला चालवत नव्हतं. नवा संडास घराला लागून बांधायचा, तर खड्डा इथेच घ्यायला हवा. मागच्या दारी माती होती ती एवढीच. बाकी सगळा कातळ.

"झाडं दुसरीकडे लावू. कर्दळ काय, कुठेही येते."

केरू हलेना. पिवळी फुलं त्याच्या कमरेला लागत होती. सत्तरीचा माणूस, ओठ आवळून नुसता उभा.

धाकूने कुदळ खाली ठेवली.

तेवढ्यात रितेशची आई गंगुबाई चौकट धरत मागच्या दारात आली.

"रितेश, थं खणू नको. तुझी मोठी बहीण हाय थं."

केरूने मान वळवून बायकोकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांपूर्वी, ती बाळंतपणातून शुद्धीवर यायच्या आत, त्याने ते तासाभराचं लेकरू फडक्यात गुंडाळून इथे पुरलं होतं. वर कर्दळीचे कंद लावले होते. तिला मात्र सांगितलं, नदीकाठी नेलं म्हणून. जागा कळली तर ही तिथून उठायची नाही, याची त्याला धास्ती वाटली होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? इतक्या वर्षांत त्यातलं एक फूल तुमी देवालासुद्धा काढलं नाय."

"मग बोललीस का नाय कधी?"

"तुमी गुपचूप पाणी घालायचात. म्हटलं, घालू दे."

रितेश फुलांपासून दोन पावलं मागे सरला. मग त्याने धाकूला पलीकडची जागा दाखवली.

"तिथे घे. कातळ फोडायला मशीन बोलावतो." आणि हळूच, "नाव काय होतं तिचं?"

"नाव कसलं," केरू म्हणाला. "तेवढा वेळ कुठं मिळाला?"

"मी ठेवलंय," गंगुबाई म्हणाली. "राही."

केरूने ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.